सोलर शिकलेल्या दोघी

पाटोद्याच्या प्रशिक्षण केंद्रात सोलरचा कोर्स निघाला, तेव्हा पहिल्याच तुकडीत मी होते. बारावी होऊन घरी बसले होते. वडील तहसील कार्यालयात शिपाई. त्यांनी तिथल्या भिंतीवर जाहिरात पाहिली आणि संध्याकाळी आईला सांगितलं, की शिकवणं फुकट आहे, गावातच आहे, पोरीला काहीतरी हातचं येईल. आईला वाटलं शिवणकामासारखं काही असेल. छपरावर चढावं लागतं हे तिला कळलं तोवर माझं नाव लागलं होतं.

तुकडीत मुलगेच जास्त. आम्ही मुली मोजक्या, आणि लग्न झालेली बाई एकच. ती पहिल्या दिवशी साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालून आली. मुलं आपसांत हसली. मी हसले नाही, कारण तसा शर्ट कशासाठी घालतात हे मला माहीत होतं. उसाचं पातं धारदार असतं, हात चिरतं, म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया साडीवर शर्ट चढवतात. आमच्या गल्लीतूनही दर दिवाळीच्या आगंमागं कितीतरी घरं कारखान्यांकडं जातात. ती माझ्याशेजारी बसली, आणि माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणायला लागले.

अक्काचं गाव पाटोद्यापासून जवळच, वर माळावर, जिथं पवनचक्क्या उभ्या आहेत त्यांच्या पायथ्याला. थोडी कोरडवाहू जमीन, सासू, नवरा, एक मुलगी, एक मुलगा. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्याला टोळीत कोणी घेत नाही, नवरा निघाला की बायको निघालीच. आदल्या हंगामात ट्रॉली भरताना तिच्या नवऱ्याचा पाय मोळ्यांखाली सापडला. हाड जुळेपर्यंत त्याला घरी बसावं लागलं, म्हणून तिलाही घरी बसावं लागलं. त्या रिकाम्या वर्षात बचत गटातल्या कुणीतरी तिला कोर्सचं सांगितलं.

"नवऱ्याचा पाय मोडला म्हणून मी शाळंत आले," असं ती सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिला ओशाळल्यासारखंही व्हायचं आणि हसूही यायचं.

आमचे सर लातूरकडचे. त्यांनी आवारात जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक पत्र्याचं उतरतं छप्पर उभारून घेतलं होतं. त्यावर आधी नुसतं चालायचं, मग पट्टा बांधून चालायचं, मग सोलरची प्लेट घेऊन चालायचं. मला पहिल्यांदा रडू आलं. खालून मुलं बघत होती. अक्का माझ्यामागं चढली आणि म्हणाली, की उसानं भरलेल्या ट्रॉलीवर फळीवरून मोळी घेऊन चढायचं असतं, ती फळी हलते, हे छप्पर तरी हलत न्हाई. तिचं ऐकून माझी भीती गेली असं नाही, पण मी दुसऱ्या टोकाला पोचले.

सर आमची जोडी लावायचे आणि बिघाड शोधायला द्यायचे. स्वतःच आधी कुठंतरी खोडी करून ठेवायचे. एखादा कनेक्टर सैल करायचे, तारा उलट जोडायचे, नाहीतर एका प्लेटवर गुपचूप पुठ्ठा ठेवायचे. आम्ही मल्टिमीटर घेऊन प्लेटपासून सुरुवात करायची, तिथून तार, तिथून कंट्रोलरची पेटी, तिथून मोटार. सर म्हणायचे, वीज चालू नाही म्हणजे कुठंतरी कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते सापडतं. मला हे वाक्य फार आवडलं होतं. आमच्या घरात, गल्लीत, बऱ्याच गोष्टी बंद पडायच्या आणि त्यांचं कारण कोणी सांगू शकायचं नाही. इथं मात्र आकडा दिसायचा, बोट ठेवता यायचं. अक्काला इंग्रजी शब्द जड जायचे, ते मी तिच्यासाठी मराठीत लिहून द्यायचे. माझ्या हाताला जोर कमी होता, तर नट ती आवळायची.

दसऱ्यानंतर वर्ग अर्धा रिकामा झाला. मुलं आईबापांबरोबर तोडीला निघून गेली. सर हजेरी घेताना एक-एक नाव वाचायचे, थांबायचे, पुढं जायचे. एकदा त्यांनी नुसतं विचारलं, की यातले परत कितीजण येतील. अक्का म्हणाली, "हंगाम सरल्यावर येत्यात सगळे. पर तवा तुमची परीक्षा झालेली असती, सर."

परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. मग पुण्याहून एका कंपनीची माणसं मुलाखतीला आली. त्यांना राजस्थानात आणि गुजरातेत मोठाल्या प्रकल्पांवर माणसं हवी होती. उरलेल्या बहुतेक मुलांना त्यांनी घेतलं. अक्काला विचारलं, बाहेरगावी राहायची तयारी आहे का. ती म्हणाली, "बाहेरच तर आमी राहतो साहेब, अर्धं वरीस. पर पोरं संगं असत्यात." पोरांची सोय तिथं होणार नव्हती. त्यांनी हसून तिचा कागद बाजूला ठेवला. माझं नाव मी दिलंच नव्हतं, आई पाठवणार नव्हती.

मला काम मिळालं ते पाटोद्यातच. शेतावरचे सोलर पंप बसवणारा एक ठेकेदार होता, त्याला तक्रारी आल्या की गावोगाव जाऊन बघणारं कोणीतरी हवं होतं. वडिलांची जुनी स्कूटी माझ्याकडं होती, हे त्याला सोयीचं वाटलं. मी त्याला अक्काचं सांगितलं. मी म्हणाले, आम्ही दोघी जोडीनंच शिकलो, तिला माझ्यापेक्षा हाताचं काम चांगलं येतं. तो म्हणाला, बघू. पुन्हा विचारलं तेव्हाही म्हणाला, बघू. तिसऱ्यांदा मी विचारलं तेव्हा त्यानं मला विचारलं, की तुझ्या जागी घेऊ का. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

पण त्याच उन्हाळ्यात अक्काच्या शेतावर सोलर पंप मंजूर झाला. तिनंच धावपळ केली होती. बोअर आधीचं होतं, पण वीज नव्हती. आमच्याच ठेकेदाराकडं ते काम आलं. आमची माणसं सांगाडा उभा करत होती आणि अक्का त्यांच्यात शिरली होती. अर्थिंगचा खड्डा तिनं खणला, मीठ-कोळसा तिनं टाकला, प्लेटांच्या तारा आम्ही दोघींनी जोडल्या. तिचा नवरा काठी टेकत बांधावर उभा राहून बघत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "आमच्या मंडळीनं बसवलंय."

सासूनं चहा आणला. मला विचारलं, कुणाची गं तू, कुठं राहती. मी वडिलांचं काम सांगितलं, वस्ती सांगितली. पुढं केलेली बशी म्हातारीच्या हातातच राहिली. मग अक्कानं तिच्या हातातली बशी घेऊन माझ्या हातात दिली, आणि म्हातारी माझ्याजवळ बसून तिच्या गुडघ्यांचं सांगायला लागली. पुढं मी त्या घरी कितीदा जेवले.

पाणी आलं तेव्हा दुपार होती. आधी पाइपातून नुसती हवा आली, मग लाल पाणी, मग स्वच्छ. मुलगी आणि मुलगा त्यात भिजले. अक्का पेटीजवळ उभी राहून आकडा वाचत होती. त्या दिवशी संध्याकाळी तिनं नवऱ्याशी काय बोलणं केलं ते मला नंतर कळलं. औंदा जायचं न्हाई. पाय बरा होत आला होता, टोळीचा मुकादम विचारून गेला होता, तरी जायचं न्हाई. पोरं शाळेतून काढायची न्हाईत, म्हातारीला एकटं ठेवायचं न्हाई. पाऊस सरल्यावर कांदा लावायचा आणि कडा गावच्या बाजारात न्यायचा.

पाऊस त्या वर्षी बेताचाच झाला. तरी दिवाळीला बोअरला पाणी होतं. गावातल्या टोळ्या ट्रकांत बसून गेल्या, आणि अक्काचं घर पहिल्यांदाच ठरवून उघडं राहिलं. मी तिकडं गेले की ती मला कांद्याच्या वाफ्यांतून फिरवायची. तिच्या मुलीनं शाळेत काहीतरी बक्षीस मिळवलं होतं, ते दाखवायला आणायची. नवरा सकाळी ऊन आलं की मोटार चालू करायचा आणि शर्टाच्या बाहीनं प्लेटा पुसायचा. मी त्याला सांगितलं होतं की धूळ बसली की वीज कमी होते, तेव्हापासून तो रोजच पुसत होता.

संक्रांत झाली आणि काही दिवसांनी अक्काचा फोन आला. तिनं पंपाच्या कंपनीच्या नंबरवर तक्रार दिली नव्हती, मलाच केला.

"तू ये," ती म्हणाली. "पेटीवर काय दिसतंय ते मला कळतंय. तरी तू ये."

मी गेले. पेटीवर लाल दिवा होता आणि ड्राय रन लिहून येत होतं. मोटारीला पाणी लागलं नाही की पेटी तिला आपोआप बंद करते, जळू नये म्हणून. काही वेळानं पुन्हा चालू करून बघते, पाणी नसलं तर पुन्हा बंद. आम्ही दोघींनी तरीही सगळं तपासलं. प्लेटा तपासल्या, एकेक तार तपासली, कनेक्टर उघडून पुन्हा लावले. आकडे सगळे बरोबर होते. इतकं स्वच्छ ऊन होतं की प्लेटा पुरेपूर वीज देत होत्या. अक्का प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायची आणि माझ्याकडं बघायची. मला कुठंतरी सैल नट सापडावा असं इतकं वाटत होतं. सर पुठ्ठा ठेवायचे तसा कुणीतरी ठेवलेला असावा.

नवरा जवळ येऊन बसला. तो कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्यानं शांतपणेच विचारलं, "तुमी दोघी शिकल्यात न्हवं? मंग सांगा की, काय झालंय?"

मी म्हणाले, "पंप चांगला हाय, दाजी. खाली पाणी न्हाई."

"कावून न्हाई?"

याचं उत्तर आम्हाला शिकवलेलं नव्हतं. शेजारच्या दोन-तीन शेतांत नवीन बोअर झाली होती, अक्काच्या बोअरपेक्षा खोल. पाऊस कमी होता. दगड काळा, पाणी न धरणारा. सगळीच कारणं होती, आणि त्यातल्या एकावरही पाना लावता येत नव्हता. अक्का उठून वाफ्यात गेली आणि उगाच गवत उपटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराच्या मागं लागून माणसं आणली आणि मोटार आणखी खाली सोडली, बोअरच्या तळाजवळ. पाणी आलं. अक्काची सासू मला हातानं ओवाळून बोटं मोडत होती. ते पाणी आठवडाभर टिकलं असेल. मग सकाळी थोडा वेळ, मग बादलीभर, मग लाल दिवा. नवरा पेटीसमोर बसून राहायचा. दिवा जाऊन मोटार पुन्हा सुरू व्हायची तेव्हा तो उभा राहायचा, ती बंद पडली की बसायचा. कांद्याच्या पाती पिवळ्या पडून आडव्या झाल्या. गाठी लिंबाएवढ्या होत्या त्या तेवढ्याच राहिल्या.

मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आकडे विचारले. मग म्हणाले, "यंत्रणा तर एकदम व्यवस्थित आहे." फोन ठेवताना म्हणाले, तिला सांग, मी विचारलंय म्हणून. ठेकेदारानं मला तक्रार मिटवायला सांगितली. पंप चालू स्थितीत आहे, असं लिहायचं होतं. मी तसं लिहिलं. ते खरंच होतं.

सगळ्यांत वाईट हे, की त्या दिवसांत त्यांना तोडीलाही जाता येईना. हंगाम संपत आला होता, टोळ्या कधीच भरल्या होत्या, मधेच कोणी घेत नाही. अक्का मला म्हणाली, की आमी घरी राहिलो तर घरचं गेलं, आणि तिकडचंही गेलं. हे म्हणताना ती रडत नव्हती. भाकरी थापत होती. मी समोर बसून चुलीतली काटकी पुढं सारत होते, कारण हाताला दुसरं काही काम नव्हतं. तो उन्हाळा तिनं रोजगार हमीच्या कामावर दगड वाहून काढला आणि नवऱ्यानं पाटोद्याच्या बाजारात पोती उतरवून.

पुढचा पाऊस चांगला झाला. माळावर ओढे वाहिले, आमच्या घरासमोर चिखल वाळेना. मला आतून फार बरं वाटत होतं. दसऱ्याच्या आधी अक्कानं बोलावलं तेव्हा मी खुशीत गेले. मला वाटलं, कांद्याचं रोप टाकायचं असेल.

घरासमोर पत्र्याची ट्रंक उघडी होती आणि ती भांडी बांधत होती. मुकादमाला होकार देऊन झाला होता.

मी तिला शेतावर नेलं. ओढूनच नेलं म्हटलं तरी चालेल. पेटी चालू केली. पाणी असं जोरात आलं की पाइप हातात धरवेना. मी मोटार बराच वेळ चालू ठेवली. धार कमी होत नव्हती.

"बघ," मी म्हणाले. "औंदा लई पाणी हाय, अक्का. राहा की."

ती पाण्याकडं बघत होती. "हाय खरं," ती म्हणाली. "पर हे संक्रांतीनंतर राहील, असं तू मला सांगशील का? तू सांग. मी राहते."

प्लेटा पंचवीस वर्षं चालतात हे मला सांगता आलं असतं. मोटार चालेल, तार टिकेल, हे सांगता आलं असतं. जमिनीखालचं मला काहीच सांगता येत नव्हतं. नवऱ्याचा पाय पुन्हा धड झाला होता, कोयता तयार होता, आणि टोळी आत्ता निघणार होती. नंतर नाही.

"सांग की," ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू.

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग बंद कर," ती म्हणाली.

मी हात पुढं केला नाही, म्हणून तिनंच पेटी बंद केली.

त्या वर्षी त्यांनी मुलाला बरोबर नेलं आणि मुलीला आजीजवळ ठेवलं, शाळेसाठी. ट्रक पाटोद्यातून सकाळी गेला, तेव्हा मी रस्त्यावर थांबले होते. सामानावर बायका बसल्या होत्या. अक्कानं मला पाहिलं आणि हात केला. मी स्कूटीवर तशीच बसून होते, आणि मग कामाला निघाले. त्या दिवशी डोंगरपट्ट्यातल्या एका गावात तारेला उंदीर लागले होते. ते मला पटकन सापडलं.

थंडीत केंद्रात नवी तुकडी सुरू झाली. सरांनी मला बोलावलं, मुलांना दोन शब्द सांगायला. मी काय काम करते, कुठं कुठं जाते, ते सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "ताई, हे शिकल्यावर नोकरी लागतेच का?" सर माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, मला लागली. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि मला हायसं वाटलं.

मी अधूनमधून अक्काच्या घरी जात राहिले. म्हातारीला घरामागं थोडी भाजी करायची असायची आणि तिला पेटीची भीती वाटायची, म्हणून मी जाऊन मोटार लावून द्यायचे. मुलीला मी शिकवलं, मग तीच लावायला लागली. संक्रांत गेली. महाशिवरात्र गेली. मी प्रत्येक वेळी जाताना लाल दिवा दिसेल या तयारीनं जायचे, आणि तो नसायचा.

एकदा मी तिथंच असताना अक्काचा फोन आला. ती कर्नाटकात कुठंतरी होती. आवाज बसलेला होता, मागं ट्रॅक्टर चालू होता. मुलीशी बोलली, सासूशी बोलली, मग मला मागितलं. सांगत होती, टोळीतल्या लोकांनी मोबाइल चार्ज करायला बारकी प्लेट आणली होती, ती बंद पडली होती, तिनं तार बदलून चालू केली. आता सगळ्या कोप्या-झोपड्यांवरचे लोक त्यांच्या प्लेटा तिच्याकडं आणतात, मुकादमसुद्धा. मी हसले. मग तिनं विचारलं.

"बोअरला पाणी हाय का गं?"

मोटार चालूच होती. मी पाइपापासून थोडी लांब गेले, आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून. न्हाई म्हणावं असं एकदा मनात आलं. पण मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि अक्काला मी कधी चुकीचा आकडा सांगितला नव्हता.

"हाय," मी म्हणाले.

"चांगलं हाय?"

"सकाळपासून चालू हाय. बंद पडली न्हाई."

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हातारीला म्हणावं, मेथी टाक अजून थोडी." मग तिला कोणीतरी हाक मारली, मोळ्या भरायच्या होत्या, आणि तिनं फोन ठेवला.

मी म्हातारीला मेथीचं सांगितलं. ती खुरपं घेऊन वाफा करायला बसली, आणि मी तिच्याजवळ बसून ढेकळं फोडू लागले.